दर्शकसंख्या आणि साक्ष : लोकप्रिय संस्कृतीच्या संग्रहालयाविषयी एक नैतिक प्रश्न

१

सिन्नरच्या माळेगाव औद्योगिक वसाहतीत ‘गारगोटी’ या नावाचे खनिजसंग्रहालय आहे. के. सी. पांडे यांनी ते खाजगी प्रयत्नांतून उभे केले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून बनलेल्या दख्खनच्या बेसाल्टात ज्या पोकळ्या राहिल्या, त्यांत कालांतराने घडत गेलेले स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, मेसोलाइट यांसारखे झिओलाइट गटातील स्फटिक, त्यांच्या सोबतीने आढळणारे अपोफिलाइट, पुण्याजवळच्या वाघोलीचे गडद निळे कॅव्हन्साइट अशी द्रव्ये तेथे काचेआड मांडलेली आहेत. याच गावात बाराव्या शतकातील गोंदेश्वराचे यादवकालीन पंचायतन मंदिर आहे. तेथे येणाऱ्यांत भाविक किती आणि अभ्यासक किती, हे कोणी विचारीत नाही. आणि याच गावाची विसाव्या शतकातील एक मोठी ओळख बिडीच्या धंद्याशी जोडलेली होती. त्या बिडीला मात्र गावात काच नाही, नामपट्टी नाही आणि म्हणून दर्शकही नाहीत.

या तीन गोष्टी शेजारी ठेवल्या की एक प्रश्न उभा राहतो. कोणत्याही संग्रहालयाचे वार्षिक निवेदन पाहिले तर दोन विधाने त्यात हमखास असतात. पहिले, दर्शकांची संख्या गतवर्षाहून वाढली. दुसरे, येत्या काळात अमुक कार्यक्रम योजिले आहेत. ही विधाने इतकी निरुपद्रवी वाटतात की त्यांचा अर्थ तपासण्याचे आपल्याला सुचत नाही. परंतु पहिले विधान हे मूल्यविधान आहे आणि दुसरे वचन आहे. संख्या वाढली म्हणजे नेमके काय चांगले झाले? कार्यक्रम योजिले म्हणजे कोणाला काय देण्याचे मान्य केले? संग्रहालय जेव्हा लोकप्रिय संस्कृतीचे असते, म्हणजे सामान्य माणसांनी वापरलेल्या, ऐकलेल्या, फुंकलेल्या, फेकून दिलेल्या वस्तूंचे असते, तेव्हा हे प्रश्न अधिक अवघड होतात. कारण तेथे काचेच्या आत ज्यांचे जीवन आहे, तेच काचेबाहेर तिकीट घेऊन उभे असू शकतात. प्रस्तुत लेखाचा विषय ही विशेष परिस्थिती हा आहे.

२

संख्येचा धिक्कार करणे सोपे आहे आणि समीक्षकाला ते शोभूनही दिसते. म्हणून प्रथम संख्येच्या बाजूने जे म्हणता येईल ते म्हटले पाहिजे.

आपल्याकडील संग्रहालये वसाहतकाळात जन्मली. कलकत्त्याचे १८१४ मधले, मुंबईत भायखळ्याला १८७२ मध्ये लोकांसाठी उघडलेले. (हे दुसरे १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव धारण करते.) त्यांच्या दारांशी गर्दी लोटली आणि लोकांनी त्यांना आपल्या भाषेत नावे दिली : कोठे जादूघर, कोठे अजबखाना. किपलिंगच्या ‘किम’ (१९०१) या कादंबरीचा प्रारंभ लाहोरच्या अशाच अजायबघरासमोर होतो. ज्ञानप्रसारासाठी मांडलेल्या वस्तूंकडे लोक नुसते आश्चर्याने पाहतात, ही साहेबाची खंत होती. पण त्या आश्चर्याची दुसरी बाजू अशी की, राजवाड्यात, मठात वा कोठारात बंद असलेली वस्तू जन्म, पंथ वा दर्जा न विचारता कोणासही पाहता यावी, ही कल्पनाच आपल्या समाजात क्रांतिकारक होती. ज्या समाजात देवळाच्या पायरीवर आणि पाणवठ्यावर माणसे निवडली जात, त्या समाजात ‘आज इतके लोक आले’ एवढेच सांगणारा, त्यांची जात न विचारणारा आकडा हा नैतिक प्रगतीचा आकडा होता.

पुढे पिएर बूर्द्यू आणि आलँ दार्बेल यांनी युरोपातील संग्रहालयांच्या दर्शकांचा अभ्यास केला (१९६६), आणि दार उघडे ठेवल्याने सर्व जण आत येतातच असे नाही, आत येण्याची क्षमता शिक्षण आणि कौटुंबिक संस्कार यांतून घडते, हे दाखवून दिले. मात्र या निष्कर्षाने संख्येचे महत्त्व कमी होत नाही; कोण येत नाही हे कळण्यासाठीही मोजावे लागते. पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात २०१८ मध्ये एक कोटीहून अधिक दर्शक आले, आणि २०२५ च्या जूनमध्ये गर्दीच्या ताणाला कंटाळलेल्या कर्मचाऱ्यांनी काम थांबवल्यामुळे त्याच संग्रहालयाचे दार काही तास उघडले नाही. या दोन घटनांतून संख्या वाईट ठरत नाही. संख्या हे साधन आहे आणि साधनाला साध्य विचारावे लागते, एवढेच सूचित होते.

तेव्हा संख्या हे सार्वजनिकतेचे लक्षण आहे, हे मान्य करू. दार उघडे आहे, एवढे ती सांगते. दाराच्या आत काय घडले याविषयी ती काही सांगू शकत नाही.

३

साहित्याच्या अभ्यासकाला हा पेच अपरिचित नाही. ग्रंथाचे मूल्य वाचकसंख्येवर ठरत नाही, हे आपण गृहीतच धरतो. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, पिढ्यांनी त्या वाचल्या. मराठी समीक्षेने त्यांच्याकडे दीर्घकाळ पाहिलेही नाही. जे पुष्कळांना आवडते ते त्याच कारणाने संशयास्पद, असा एक अलिखित नियम आपल्या अभिरुचीत रुजला. त्याच्या मुळाशी कलाकृती स्वायत्त असते ही धारणा होती. रा. भा. पाटणकर यांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात अलौकिकतावाद आणि लौकिकतावाद हे सौंदर्यविचाराचे दोन ध्रुव सविस्तर तपासले. लोकप्रिय संस्कृतीची वस्तू यांपैकी दुसऱ्या ध्रुवापाशी इतकी घट्ट बांधलेली असते की पहिल्या ध्रुवाची परिभाषा तिला लावताच ती वस्तू हातातून निसटते.

हे अधिक नेमके मांडता येईल. अपोफिलाइटचा स्फटिक एकाने पाहिला काय अन् लाखाने पाहिला काय, त्याच्या अपोफिलाइटपणात फरक पडत नाही. भावकवितेच्या बाबतीतही काही समीक्षक असेच म्हणतील. परंतु लावणी, रहस्यकथा, सिनेमाचे भित्तिपत्रक, बिडीच्या पुड्यावरील चित्र यांच्या बाबतीत ‘पुष्कळ’ हा बाहेरून चिकटलेला गुण नव्हे. तो त्या वस्तूच्या घटनेतच असतो. एका प्रतीत छापलेले बिडीचे लेबल ही कल्पनाच विसंगत आहे. ते हजारोंच्या हातात जाण्यासाठी रंगवले गेले, आणि त्याचे रंग, त्याचा ठळकपणा, त्यावरील देव, पैलवान वा वाघ हे सारे त्या हजारोंच्या अपेक्षेने ठरले.

यावरून दोन संख्या वेगळ्या करता येतात. पहिली वस्तूच्या आत असलेली : किती जणांनी ती वापरली, गायली, ओढली. दुसरी वस्तूसमोर असलेली : किती जण ती पाहण्यास आले. लोकप्रिय संस्कृतीच्या संग्रहालयाचा संभ्रम असा की ते दुसऱ्या संख्येला पहिलीचा पुरावा समजते. लोकप्रिय वस्तूंकडे लोक आले, म्हणजे लोकांची वस्तू लोकांकडे परत गेली, असा हिशेब मनातल्या मनात मांडला जातो. वास्तविक पहिल्या संख्येतील प्रत्येक माणूस त्या वस्तूचा कर्ता वा भोक्ता होता. दुसऱ्या संख्येतील माणूस केवळ तिकिटाचा एक तुकडा आहे. एकाच माणसाचे हे दोन दर्जे आहेत, आणि त्यांच्यात घसरण होते ती संग्रहालयाच्या दारात.

४

गारगोटी या शब्दाकडेच पाहू. संग्रहालयाच्या नावात तो शब्द निसर्गाकडे बोट दाखवतो. पण आगपेटी महाग वा दुर्मीळ होती तेव्हा हाच दगड चकमकीचा जोडीदार होता. पोलादी चकमक, गारगोटीचा तुकडा आणि ठिणगी धरायला कापूस, एवढा संसार चंचीत घालून माणसे रानात जात आणि त्यावर चिलीम वा बिडी पेटवीत. काचेआडचा स्फटिक आणि चंचीतील तुकडा हे खनिजशास्त्राच्या दृष्टीने एकमेकांचे जवळचे वा दूरचे नातलग असतील. संस्कृतीच्या दृष्टीने मात्र त्यांतील फरक मूलभूत आहे : पहिल्याविषयी नामपट्टी दर्शकाहून अधिक जाणते, दुसऱ्याविषयी दर्शक नामपट्टीहून अधिक जाणत असतो.

(पहिल्याविषयीही हे पूर्ण खरे नाही. दख्खनमधील हे स्फटिक पुष्कळदा विहिरी खणताना, रस्ते फोडताना आणि खडीच्या खाणींत सापडतात. ते प्रथम पाहणारा डोळा पहार मारणाऱ्या मजुराचा असतो. जगभरच्या संग्रहालयांची रूढ पद्धत अशी की नामपट्टीवर खनिजाचे नाव, त्याची रासायनिक घडण आणि सापडण्याचे ठिकाण येते. त्या मजुराचे नाव येत नाही.)

आता एक कल्पना करू. समजा, सिन्नरमध्ये उद्या बिडीच्या संस्कृतीचे संग्रहालय उभे राहिले. त्यात जुनी लेबले आहेत, पान कापण्याची कात्री आहे, ज्या मापाने पान कापायचे तो पत्र्याचा तुकडा आहे, मांडीवर घ्यायचे सूप आहे, दोऱ्याची रिळे आहेत. एक वृद्ध स्त्री नातवाला घेऊन येते. तिने आयुष्यभर टेंभुर्णीची पाने भिजवली, कापली, तंबाखू भरून वळली, तोंडे मुडपली, दोरा बांधला. ती सुपासमोर थांबते आणि म्हणते, ‘अरे, हे असं नाही ठेवत. उजेड कोणत्या बाजूनं येतो ते बघून बसायचं असतं.’

हे वाक्य कोठे जाईल? संग्रहालयाच्या नोंदवहीत त्या दिवशीच्या संख्येत दोनाची भर पडेल. तिच्या बोलण्याला वहीत रकाना नाही.

तिच्या स्वतःच्या व्यवसायात यासाठी एक शब्द आहे. बिडी कामगाराला मजुरी हजारी दराने मिळते, आणि बिड्या मोजून घेताना सदोष म्हणून काही बाजूला काढल्या जातात. त्या काढण्याला छाट म्हणतात. छाट किती काढायची हे घेणारा ठरवतो. वळणारीच्या श्रमातील तेवढा भाग हिशेबातून नाहीसा होतो. छाटीवरून कामगारांचे आणि कारखानदारांचे तंटे वर्षानुवर्षे चालले, आणि १९६६ च्या बिडी व सिगार कामगारविषयक कायद्यालाही या प्रश्नाची दखल घ्यावी लागली. म्हणजे मोजणी ही कधी निष्पाप नसते, हे त्या स्त्रीला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. संग्रहालयाची मोजणी तिला एक दर्शक म्हणून घेते आणि तिला जे ठाऊक आहे त्याची छाट काढते.

येथे नैतिक प्रश्नाचे नेमके स्थान सापडते. लेबलांचे रंग आपणांस मोहवितात, कारण ती उपभोगाची बाजू आहे. सूप, वाकलेली पाठ आणि छातीत गेलेली तंबाखूची धूळ ही त्याच वस्तूची निर्मितीची बाजू आहे. लोकप्रिय संस्कृतीचे प्रदर्शन उपभोगाच्या बाजूने मांडणे नेहमीच सोपे, आणि गर्दी वाढविण्यास उपयुक्त. निर्मितीची बाजू मांडायची तर साक्षीदार लागतो. लोकप्रिय संस्कृतीच्या संग्रहालयात येणारा माणूस संभाव्य साक्षीदार असतो, आणि त्याला केवळ दर्शक म्हणून मोजणे हा त्याच्यावरील अन्याय आहे. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन एवढेच आहे.

५

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. दर्शक जाणतो असे एकदा म्हटले की कोणत्याही समूहाच्या कोणत्याही समजुतीला ज्ञानाचा दर्जा देण्याची पाळी येईल. २०२४ च्या जुलै महिन्यात लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे साताऱ्याच्या संग्रहालयात आणून प्रदर्शित करण्यात आली. ती जेम्स ग्रँट डफ या साताऱ्याच्या रेसिडेंटाकडे होती, इतका त्यांचा माग लागतो. शिवाजी महाराजांनी अफझलखानाच्या भेटीत वापरलेली ती हीच, असे सिद्ध करता येत नाही, हे खुद्द लंडनच्या संग्रहालयाने म्हटले आहे. पाहण्यास आलेल्या अनेकांच्या लेखी हा प्रश्नच नव्हता. मग तेथेही नामपट्टीने गर्दीपुढे मान तुकवावी काय?

माझे उत्तर नकारार्थी आहे, आणि त्यासाठी साक्ष व श्रद्धा यांत भेद करावा लागतो. बिडी वळणाऱ्या स्त्रीचे विधान वापरातून आलेले आहे. ते तपासता येते. दुसरी वळणारी त्याला दुजोरा देऊ शकते वा म्हणू शकते की आमच्याकडे असे नव्हते. साक्षीदार उलटतपासणीला तयार असतो, किंबहुना उलटतपासणीतूनच साक्ष पक्की होते. वाघनखांपुढे हात जोडणाऱ्याचा भाव आदरणीय आहे, पण तो त्या वस्तूविषयीची साक्ष नव्हे. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या त्या क्षणी तो उपस्थित नव्हता. तो भाव स्वतः मात्र लोकप्रिय संस्कृतीचा भाग आहे. उद्या कोणी त्या प्रदर्शनाचा अभ्यास करील तर त्या भावाविषयी तोच दर्शक उत्तम साक्षीदार ठरेल : आपण का आलो, काय वाटले, घरी जाऊन काय सांगितले, हे त्याच्याइतके कोणी जाणत नाही. म्हणजे प्रत्येक दर्शक कशाचा तरी साक्षीदार असतो. कशाचा, हे ठरविणे ही संग्रहालयाची बौद्धिक जबाबदारी आहे. गर्दीच्या मताला शरण जाऊन ही जबाबदारी टळत नाही, तशी गर्दीची संख्या छापूनही टळत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचे उदाहरण घेऊ. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर गंगाधर केळकरांनी गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, दौती, वज्र्या, स्वयंपाकघरातील भांडी, कोरीव दारे अशा वीस हजारांहून अधिक वस्तू जमविल्या, अकाली गेलेल्या मुलाचे नाव त्या संग्रहाला दिले आणि १९७५ मध्ये तो शासनाच्या स्वाधीन केला. मराठी घराघरातल्या वस्तूंना काचेमागे मान मिळवून देणारा एवढा मोठा एकट्याचा उद्योग दुसरा नसेल. त्या वस्तूंपैकी बहुतेकांच्या कर्त्यांची नावे आज कोणाला सांगता येणार नाहीत. साक्षीदारच उरले नाहीत तेथे साक्षीचा आग्रह धरून काय उपयोग, असे कोणी विचारील. उलट हीच गोष्ट घाईचे कारण आहे. अडकित्त्याच्या लोहाराला आपण गाठू शकत नाही; बिडी वळणारीला आज गाठू शकतो. काही वर्षांनी तिचे सूपही केळकरांच्या दिव्यांसारखे सुंदर आणि मुके होईल.

६

आता दुसऱ्या विधानाकडे, आगामी कार्यक्रमांकडे वळू. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने २०२२ मध्ये प्राग येथे संग्रहालयाची नवी व्याख्या स्वीकारली. तीत समाजगटांच्या सहभागाचा स्पष्ट उल्लेख आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाने २०१५ पासून बसमधून फिरते संग्रहालय चालवून गावे आणि शाळा गाठल्या. दार उघडण्याच्या कल्पनेचा हा स्वागतार्ह विस्तार आहे. तथापि सहभाग या शब्दात एक पळवाट आहे. चित्रे रंगविण्याच्या स्पर्धेत भाग घेणे हाही सहभागच, आणि नामपट्टी चुकली आहे असे सांगून ती बदलून घेणे हाही सहभागच. पहिल्याने गर्दी वाढते. दुसऱ्याने संग्रहालयाचा अधिकार थोडा कमी होतो, आणि म्हणून तो कार्यक्रमपत्रिकेत क्वचित दिसतो.

सिन्नर तालुक्यातील वावी हे गाव शाहीर परशराम यांचे. शिंप्याच्या घरातला हा लावणीकार पेशवाईच्या उत्तरकाळात आणि इंग्रजी अमलाच्या प्रारंभी रचना करीत होता. समजा, आपल्या कल्पित संग्रहालयाने ‘परशरामांच्या लावण्यांची संध्याकाळ’ जाहीर केली. सभागृह भरेल, छायाचित्रे निघतील, संख्या नोंदली जाईल. पण लावणीचा श्रोता कधी गप्प बसणारा दर्शक नव्हता. तो दाद देई, पुन्हा म्हणायला लावी, सवाल टाकी. त्याच्या त्या हस्तक्षेपातून लावणी घडत असे. कार्यक्रमात ती जागा राखली नाही तर तेथे सादर होते ती लावणीची प्रतिकृती, आणि रांगेने बसलेले लोक हे श्रोत्याची प्रतिकृती. उलट त्याच संध्याकाळी आसपासच्या गावांतील जुन्या माणसांना ‘तुम्ही हे कसे ऐकले होते?’ असे विचारले आणि त्यांची उत्तरे, परस्परविरोधी असली तरी, त्यांच्या नावांनिशी संग्रहात दाखल केली, तर श्रोते थोडे असले तरी कार्यक्रमाने दिलेले वचन पाळले असे म्हणता येईल.

वाचकाभिमुख समीक्षेने आपणांस शिकविले की संहितेचा अर्थ वाचकावाचून पुरा होत नाही. तो धडा आपण ग्रंथांपुरता ठेवला. संग्रहालयात वाचक प्रत्यक्ष देहाने चालत येतो, आणि कित्येकदा संहितेतील पात्रही तोच असतो. तरी आपण त्याला मोजतो आणि जाऊ देतो. २०२७ च्या सिंहस्थात नाशिक जिल्ह्याच्या वाटांवर लाखो माणसे येतील. त्यांतील काही सिन्नरला थांबतील, काही गोंदेश्वर पाहतील, काही गारगोटीतील स्फटिकांपुढे उभी राहतील. आकडे छापले जातील, आणि ते छापावेतही. त्या आकड्यांशेजारी आणखी एक रकाना असावा, एवढीच मागणी आहे : या वर्षी किती नामपट्ट्या दर्शकांच्या सांगण्यावरून दुरुस्त झाल्या. सुरुवातीला तो रकाना कोरा राहील. तो कोरा का राहिला, याचे उत्तर मात्र दर वर्षी द्यावे लागेल, आणि ते उत्तर शोधताना कोणाला तरी बिडी वळणाऱ्या त्या स्त्रीच्या घरी जावे लागेल.